मृग निघण्याआधी लशीची वही उघडा

गाई-म्हशी, बैल, शेळ्या-मेंढ्या, कुत्री-मांजरं आणि विशेषतः घोडे बाळगणाऱ्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. मृग निघायला आता थोडेच दिवस राहिलेत. पहिला जोरदार पाऊस पडून ओढ्याला गढूळ पाणी आलं, की घटसर्प आणि फऱ्या दावणीपर्यंत यायला वेळ लागत नाही. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे जातात. पाऊस सुरू झाल्यावर दवाखान्यात धावलात, तर लस लागू पडण्याआधी रोगच गाठतो. म्हणून याच आठवड्यात आपल्या प्रत्येक जनावराला शेवटची लस कधी दिली ते बघा, आणि पुढची कोणती, कधी द्यायची हे पशुवैद्यकांसमोर बसून ठरवा.

गावोगाव विचारलं की दोन उत्तरं ऐकू येतात. एक म्हणजे "टोचली होती की मागं एकदा." दुसरं बहुतेक शहरातलं, "आम्ही दरवर्षी सगळ्या लशी देतो, काही बाकी ठेवत नाही." पहिल्या उत्तरापायी जनावरं मरतात. दुसऱ्यापायी पैसा जातो, नको त्या सुया टोचल्या जातात, आणि बरेचदा जी लस खरोखर वेळेवर हवी होती तीच राहून जाते. किती दिवसांनी टोचायचं, याचं सरसकट उत्तर कुणालाच देता येणार नाही. रोग कोणता, लस जिवंत जंतूंची की मृत, जनावराचं वय काय, ते कुठं राहतं आणि कुणात मिसळतं, यावर ते ठरतं.

वयस्कर मंडळींनी आपल्या आईवडिलांकडून बुळकांडीच्या गोष्टी ऐकल्या असतील. गावंच्या गावं ओस पाडणारा हा रोग. त्याच्यावरच्या लशीचा एक डोस जनावराला जन्मभर पुरत असे. त्याच जोरावर भारत 2006 साली या रोगातून मुक्त झाला आणि 2011 साली तो जगातूनच नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. आज बुळकांडीची लस कुणी मागत नाही, कारण ती देण्याचं कारणच उरलं नाही. लाळ्या-खुरकूताचं गणित अगदी निराळं आहे. त्याची लस मृत विषाणूची, आणि तिचा जोर चार ते सहा महिन्यांत ओसरतो. म्हणून ती वर्षातून दोनदा द्यावी लागते. दोन्ही लशी गाईच्याच, पण एक आयुष्यातून एकदा आणि दुसरी दर सहा महिन्यांनी. हे एवढं लक्षात घेतलं तरी "मागं एकदा टोचली होती" हे उत्तर किती धोक्याचं आहे ते कळेल.

आता घोड्यांबद्दल सांगतो, कारण सगळ्यात जास्त हेळसांड त्यांची होते. गाईगुरांच्या लसीकरणाला गावात पथक येतं, कानातला बिल्ला बघून नोंद होते, लस फुकट मिळते. घोड्यासाठी असं दारात कुणी येत नाही. माथेरानच्या वाटांवर पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणारे घोडे, महाबळेश्वर-पाचगणीचे घोडे, टांग्याचे, वरातीचे, मेंढपाळांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी तट्टं, आषाढी वारीत रिंगणात धावणारे मानाचे अश्व, या सगळ्यांची जबाबदारी एकट्या मालकावर असते. चंदी आणि नाल यांच्या खर्चात तो आधीच पिचलेला असतो. तरीही एका लशीबाबत मी हात जोडून सांगेन की ती चुकवू नका. ती धनुर्वाताची.

पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतकं चटकन बळी पडणारं दुसरं जनावर नाही. त्या रोगाचे जंतू मातीत असतात आणि घोड्याच्या स्वतःच्या लिदीतही असतात. म्हणजे तबेला कितीही झाडला तरी ते तिथं आहेतच. त्यांना आत शिरायला वाट लागते, ती नाल ठोकताना चुकलेल्या खिळ्यानं मिळते, टापेत घुसलेल्या तारेनं मिळते, खच्ची केल्याच्या जखमेतून मिळते, नुकत्याच जन्मलेल्या शिंगराच्या नाळेतून मिळते. वरून जखम भरून येते, आत हवा पोचत नाही, आणि तिथंच हे जंतू वाढून विष सोडतात. एक ते तीन आठवड्यांनी लक्षणं दिसतात, तेव्हा मालकाला ती जखम आठवतही नसते.

लक्षणं नीट वाचा. पहिल्या दिवशी घोडा जरा अवघडून चालतो, मालकाला वाटतं मुरगळला असेल. मग कान ताठ उभे राहतात, शेपूट बुडाशी उचललेलं आणि ताठ दिसतं, नाकपुड्या फाकतात. हनुवटीखाली हात घालून त्याचं डोकं वर उचललं, की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा सर्रकन बाहेर येऊन अर्ध्या बुबुळावर पसरतो. हे दिसलं तर क्षणभरही थांबू नका, डॉक्टरांना बोलवा. पुढं जबडा बसतो. तोंडासमोर गवत असतं, त्याला खायचंही असतं, पण दात उघडत नाहीत. चार पाय फाकून तो सुताराच्या घोडीसारखा ताठ उभा राहतो. बादली वाजली, कुणी दार आपटलं, एकदम उजेड आला, तरी सगळ्या अंगाला झटके येतात. अशा घोड्याला अंधारात, कानात कापसाचे बोळे घालून, आठवडेच्या आठवडे सांभाळावं लागतं, नाकातून नळी घालून पाणी-पेज द्यावी लागते. एवढं करूनही लक्षणं दिसू लागलेल्या घोड्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावतात. एकदा खाली बसून उठता येईना, की बहुधा संपलंच.

आणि हे सगळं टाळता येतं. धनुर्वाताच्या लशीचे सुरुवातीला दोन डोस, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं, आणि मग दरवर्षी एक. गाभण घोडीला विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी एक डोस द्यावा, म्हणजे चिकातून शिंगराला पहिल्या महिन्यांचं संरक्षण मिळतं. अशा घोडीच्या शिंगराला स्वतःची लस साधारण चार ते सहा महिन्यांचं झाल्यावर सुरू करायची, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिकारशक्तीच लशीला काम करू देत नाही. मोठी जखम झाली, शस्त्रक्रिया करायची असली, आणि शेवटच्या डोसाला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला असेल, तर त्याच वेळी एक जादा डोस घ्यावा.

युरोपात काही ठिकाणी हीच लस पहिला क्रम पूर्ण झाल्यावर दोन-तीन वर्षांनी देतात, आणि तिचा असर वर्षाहून बराच जास्त टिकतो हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मग आपण दरवर्षी का द्यायची, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. माझं मत असं, की ज्या घोड्याची पहिली दोन इंजेक्शनं कधी झाली याचीच नोंद नाही, जो खिळे-काचा पडलेल्या रस्त्यावर दिवसभर चालतो, त्याच्या बाबतीत वर्षाची मुदत पाळणंच शहाणपणाचं. एखाद्या तबेल्यात पक्की नोंद असेल आणि तिथल्या पशुवैद्यकांनी विचार करून दोन वर्षांची मुदत दिली असेल, तर माझी हरकत नाही. पण तो निर्णय त्यांनी करायचा, विसरभोळेपणानं नाही.

एक गल्लत फार जणांच्या हातून होते. घोड्याला जखम झाली की लगेच एक इंजेक्शन दिलं जातं आणि मालक म्हणतो, "धनुर्वाताचं टोचलंय." ते बहुतेकदा तयार प्रतिविष असतं. ते त्या वेळेपुरतं विष मारतं, त्याचा असर दोन-तीन आठवड्यांत संपतो, आणि घोड्याच्या अंगात स्वतःची ताकद त्यानं तयार होत नाही. लस वेगळी, प्रतिविष वेगळं. कोणतं टोचलं ते विचारून घ्या आणि लिहून ठेवा. हे प्रतिविष येतं कुठून, तेही सांगतो. ते घोड्याच्याच रक्तातून काढतात. साप चावल्यावर आपल्या माणसांचे प्राण वाचवणारं औषधही तसंच तयार होतं. पुण्याजवळ पिंपरीला हाफकिनच्या आवारात याच कामासाठी घोडे पाळले जातात. माणसांना धनुर्वातापासून आणि सापाच्या विषापासून वाचवत आलेलं हे जनावर आपल्या दारात मात्र एका स्वस्त लशीवाचून जबडा बसून मरतं, हे मला सहन होत नाही.

घोड्यांच्या फ्लूची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची गोष्ट वेगळी आहे. तिथं मुदत ठरते घोड्याच्या फिरतीवरून. घरच्या शेतावर एकटा राहणारा घोडा आणि तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात जाणारा घोडा यांना एक नियम लागू पडत नाही. सारंगखेडा किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेशातून आलेली जनावरं एका दावणीला उभी राहतात. एक घोडा खोकला की विषाणू हवेतून बराच लांब जातो, आणि एक ते तीन दिवसांत शेजारची रांग तापानं फणफणते. 2008 साली जम्मूत वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, कटऱ्याला, हा रोग उफाळला आणि तिथून कितीतरी राज्यांत पसरला. त्याच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियात हा रोग पहिल्यांदाच शिरला. तिथल्या घोड्यांना त्याची लस कधी दिलेलीच नव्हती, म्हणून हजारो घोडे आजारी पडले आणि शर्यती बंद ठेवाव्या लागल्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्या घोड्याची ही लस स्पर्धेआधीच्या सहा महिने एकवीस दिवसांत झालेली असावी लागते, यावरून तिचा असर किती लवकर उतरतो हे कळेल. बाजाराला, शर्यतीला घोडा नेणाऱ्यांनी दिवाळीपर्यंत थांबू नये. ही लस सरकारी दवाखान्यात सहज मिळेलच असं नाही, मागवावी लागते, आणि पहिल्या खेपेला तिचेही एकाहून जास्त डोस लागतात. बाजारातून आणलेला नवा घोडा दोन आठवडे तरी वेगळा बांधा. ग्लँडर्स या घोड्यांच्या दुसऱ्या संसर्गजन्य रोगावर तर लसच नाही. तो माणसालाही होतो, 2006 साली आपल्या महाराष्ट्रात तो आढळला होता. त्यासाठी रक्ततपासणी हाच मार्ग, आणि ती टाळणारा आपल्याबरोबर सगळ्या बाजाराला धोक्यात घालतो.

गोठ्याकडे येऊ. लाळ्या-खुरकूताच्या लसीकरणाला पथक आलं की काही घरांत जनावरं शेतात पाठवून देतात. "दूध कमी होतं," "गाभण गाय गाभडते," "गाठ येते." दोन-तीन दिवस दूध थोडं उतरतं, हे खरं आहे. टोचल्या जागी गाठ येते आणि जिरते, तेही खरं. पण रोग झाला तर तोंडात आणि खुरात फोड येऊन गाय चारा सोडते, सडांना जखमा होऊन कासदाह होतो, सगळं वेत वाया जातं. बरा झालेला बैलसुद्धा पुढं कित्येक महिने उन्हात धापा टाकत उभा राहतो, त्याच्याच्यानं औत ओढवत नाही. दोन दिवसांच्या दुधासाठी हे पत्करू नका. गाभण जनावराची शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, पण परस्पर लपवू नका. वासराला चार महिन्यांचं झाल्यावर पहिला डोस, महिन्यानं दुसरा, आणि मग दर सहा महिन्यांनी. मधली एक फेरी चुकली तर अंगातली ताकद उतरलेली असते, आणि गावातली बरीच जनावरं एकदम चुकली तर रोगाला शिरायला दार सताड उघडं मिळतं.

घटसर्प आणि फऱ्या वर्षातून एकदा, पावसाआधी. घटसर्पानं गळा सुजलेली म्हैस दुसरा दिवस बघेलच याची खात्री नसते. फऱ्या गाठतो तो अंगानं भरलेल्या तरण्या वासरांना, पाडशांना. मांडीची सूज दाबली की आत चरचर वाजतं, तोवर उशीर झालेला असतो. काळपुळीची लस मात्र सरसकट नको. ज्या भागात हा रोग पूर्वी होऊन गेलाय तिथंच ती दरवर्षी द्यायची, आणि तो भाग कोणता हे तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना माहीत असतं.

पाडी किंवा कालवड असलेल्या घरांनी पुढचं वाचून आज वय मोजावं. सांसर्गिक गर्भपाताची लस मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. नर वासराला ती देत नाहीत. वय उलटून गेलं की संधी गेली. हा रोग दुधातून आणि विताना होणाऱ्या स्पर्शातून माणसालाही लागतो, महिनोन् महिने ताप आणि सांधेदुखी घेऊन येतो. ही लस जिवंत जंतूंची असते, म्हणून टोचणाऱ्यानं हातमोजे आणि चष्मा घातलाच पाहिजे. तो घाईत असेल तर तुम्ही आठवण करा.

शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्याआधी, पहिल्यांदा देत असाल तर पंधरवड्याच्या अंतरानं दोनदा. कोवळ्या गवतावर तुटून पडलेलं सगळ्यात धष्टपुष्ट कोकरूच यात आधी जातं. पीपीआरची लस एकदा दिली की तीन वर्षं पुरते. तिच्यावर दरवर्षी खर्च करायचं कारण नाही, पण कळपात नवीन जन्मलेली करडं तीन महिन्यांची झाली की त्यांना ती द्यायलाच हवी.

कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत माझं सांगणं काहीसं उलट आहे. पिल्लाचे सुरुवातीचे डोस नेटानं पूर्ण करा, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं झाल्यावरच पडेल असं बघा. पुष्कळ पिल्लं लस देऊनही पार्वोनं जातात, त्याचं एक कारण हे डोस फार लवकर संपवले जातात आणि आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीनं ते वाया घालवलेले असतात. पुढचा बूस्टर झाला की डिस्टेंपर आणि पार्वो यांची लस मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांआधी पुन्हा द्यायची गरज नसते, हे जगभरच्या पशुवैद्यकांच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. मांजरांत तर टोचल्या जागी क्वचित कर्करोगाची गाठ होते, हे नव्वदच्या दशकापासून माहीत आहे, तिथं नको ती सुई टाळलेलीच बरी. मात्र लेप्टोची लस वर्षभरच टिकते, आणि मुंबई-कोकणात पावसाचं पाणी साचतं तिथं ती दरवर्षी, पावसाआधी हवी. आणि रेबीजची लस कुणाच्याही सांगण्यावरून लांबवू नका. बाटलीवर जेवढी मुदत छापली असेल तेवढीच धरा, बहुतेक ठिकाणी ती वर्षाची असते.

रेबीज फक्त कुत्र्याचा रोग नाही. पिसाळलेलं कुत्रं गाईला, घोड्याला चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. साधारणपणे 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी ती देतात. गाय लाळ गाळतेय, गिळता येत नाही, हंबरण्याचा आवाज बदललाय, तर घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालू नका. असा हात घातलेल्या माणसाला स्वतःची लस लगेच सुरू करावी लागते.

आता लशीच्या बाटलीविषयी. लस 2 ते 8 अंश तापमानात राहिली पाहिजे. उन्हात डिकीत ठेवलेली बाटली निरुपयोगी होते, आणि लाळ्या-खुरकूताची लस बर्फासारखी गोठली तरीही वाया जाते. लस बर्फाच्या डब्यातून काढली का, मुदत संपलेली नाही ना, हे विचारण्यात संकोच कसला? एकच सुई सगळ्या दावणीला फिरवू देऊ नका, घोड्यांत तर मुळीच नाही, रक्तातले रोग तशानंच पसरतात. आजारी, ताप आलेल्या जनावराला त्या दिवशी टोचू नका, बरं झाल्यावर तारीख घ्या. टोचल्यावर अर्धा तास जनावर नजरेसमोर ठेवा. लंपीची लसही याच बैठकीत विचारून घ्या. 2022 साली ज्यांनी या रोगाची साथ डोळ्यांनी पाहिली त्यांना जास्त सांगायला नको.

गावातल्या तरुण मंडळांना, दूध संस्थांना, टांगा आणि अश्वपाल संघटनांना आणि शाळेतल्या शिक्षकांनाही माझं मागणं आहे. दवाखान्याशी बोलून पुढच्या आठ दिवसांतला एक दिवस ठरवा आणि दवंडी द्या, फलक लावा, मोबाईलवर निरोप पाठवा. ज्यांच्याकडे एखादंच तट्टू किंवा चार शेळ्या आहेत, त्यांच्या दारापर्यंत जा, कारण तेच लोक राहून जातात. घोडेवाल्यांनी एकत्र येऊन धनुर्वाताची लस एकदम मागवली तर खर्च कमी पडतो आणि डॉक्टरही एका फेरीत सगळे घोडे उरकतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. घरातल्या पोराच्या जुन्या वहीत एका जनावराला एक पान द्या. त्यावर जनावराचं नाव किंवा बिल्ल्याचा क्रमांक, लशीचं नाव, बाटलीवरचा बॅच क्रमांक, टोचल्याची तारीख आणि पुढची तारीख लिहा. ज्या घोड्याला पहिला डोस या आठवड्यात पडेल, त्याच्या दुसऱ्या डोसाची तारीख तिथल्या तिथं डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.